हिरवळीवरचा सत्कार

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका बाळांनो, जंगलातही विद्यापीठं असतात. त्याच्या मधोमध एक हिरवळ होती. तिच्यावर कुणी पाय ठेवत नसे. ती पाहुण्यांना लांबून दाखवायची होती.

तिथे दूरदेशाहून किरा नावाची कांगारूची पोर शिकायला आली. वसतिगृहाच्या गुहेत तिचा डोळ्याला डोळा लागेना. आईच्या आठवणीने जीव नुसता कासावीस व्हायचा. एका दुपारी ती हिरवळीवर जाऊन आडवी झाली. गवताला घरच्यासारखाच वास होता. ती पोटभर रडली आणि गाढ झोपली. मग रोज येऊ लागली. बिचारीला तेवढाच आधार होता.

प्राध्यापक साळिंदरबाईंनी हे खिडकीतून पाहिलं. परदेशी विद्यार्थी हिरवळीचा उपयोग कसा करतात, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

"काय करतेस गं इथे?"

"काही नाही बाई. नुसती पडते. घरी असल्यासारखं वाटतं."

बाईंचे डोळे भरून आले. त्या तडक कुलगुरू गेंडेसाहेबांकडे गेल्या.

"सर, त्या परदेशी मुलीला आपली हिरवळ घरासारखी वाटते!"

"काय सांगता!" साहेब गहिवरले. "मग सत्कार झालाच पाहिजे तिचा. आणि तिथेच."

लगेच खांबांसाठी खड्डे खणले गेले. मंडप उभा राहिला. पहिल्या रांगेत हत्ती बसले. किराला शाल आणि नारळ मिळाला. प्रास्ताविक झालं, मनोगतं झाली, साहेब आपुलकीवर भरपूर बोलले. आभार मानताना रानडुकरांचं नाव राहिलं, म्हणून आभार पुन्हा पहिल्यापासून मानले.

मंडप निघाला तेव्हा खाली नुसती माती होती.

किरा त्या मातीवर आडवी झाली. नाकात धूळ गेली. ती उठली आणि साहेबांकडे गेली.

"सर, मला घरी जायचंय. कायमचं."

साहेबांना खरंच वाईट वाटलं. "अगं, आमचं काही चुकलं का?"

"नाही सर," किरा म्हणाली. ती चांगल्या घरातली होती.

"मग अशी कशी जाशील? निरोप समारंभ करू की!" साहेबांनी साळिंदरबाईंना हाक मारली. "बाई, आणखी कुठे गवत उरलंय का बघा."

तात्पर्य : पाहुण्याला काय आवडतं, ते आस्थेने विचारावं. म्हणजे मंडप कुठे घालायचा ते कळतं.