एकेचाळीस शेंदरी खुणा

"वर्षाच्या आत आपली खडकपिंपरी पर्यटनाच्या नकाशावर नाही आली, तर मिशी उतरवीन," असं काकासाहेबांनी भर चौकात सांगितलं होतं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, बोलला म्हणजे बोलला. त्यांनी गावाचा इतिहास लिहून छापला. डोंगरातल्या दगडी कुंडात निजामाच्या सुभेदाराचा हत्ती पाणी प्यायला होता, असं त्यात ठणकावून सांगितलं. हत्तीला विचारायला कोण जाणार? शेवटी पर्यटन खात्याचे साहेब रविवारी डोंगर चढून बघायला येणार, असं पत्र आलं.

साहेब वाट चुकू नयेत म्हणून शनिवारी सकाळीच काकासाहेबांनी वाटेवरच्या एकेचाळीस दगडांना खुणेचा रंग फासला. लांबून दिसावा म्हणून शेंदरी निवडला. शेंदरी दगड दिसला की गावचा माणूस आधी चप्पल काढतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात नसल्याने त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी साहेब नवेकोरे बूट घालून आले. पहिल्या दगडापाशी साळूबाई उदबत्ती लावून बसली होती.

"साहेब, बूट काढा. देव हाये."

"साळूबाई, हा रंग आहे," काकासाहेब म्हणाले. "काल मीच दिला."

"तुमी कशाला देताल गुरुजी? तुमी तर देवळात बी येत न्हाई. माझी म्हैस आठ दिवस झाले हरवल्ती. काल ह्या देवाला नारळ फोडलं, अन् सांजच्याला दारात हजर."

साहेबांनी बूट काढले, पाया पडले, बूट घातले. दहा पावलांवर दुसरा देव. सातव्यापाशी त्यांनी बूट बगलेत मारले. नवव्यापाशी तळपायात काटा गेला. अकराव्यापाशी गावातला भिवा आडवा आला.

"चामडं वर न्यायचं न्हाई साहेब. कंबरंचा पट्टा बी इथंच ठिवा."

साहेबांनी एका हाताने विजार धरली आणि वर बघितलं. अजून तीस देव शिल्लक होते. ते तसेच खाली उतरले, पायथ्याशी गावकरी वाटत होते तो प्रसादाचा शिरा दोनदा घेतला आणि "जागृत स्थान आहे," एवढंच म्हणून गाडीत बसले. काकासाहेबांना रडायचंच बाकी राहिलं होतं.

संध्याकाळी ते टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन निघाले. एकूण एक देव पुसून टाकायचा. पहिल्या दगडापाशी बाटलीचं झाकण उघडलं, आणि त्यांना साळूबाईची म्हैस आठवली. ती आपली आपणच परतली असणार, हे विज्ञानाच्या मास्तरला कोणी सांगायला नको.

त्यांनी मागे वळून पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं. मग झाकण घट्ट लावलं, चपला काढल्या आणि हात जोडून हळूच म्हणाले, "देवा, तेवढी मिशी वाचव."