भाव पडू दे

"भाव पडू दे, मग घेऊ," असं धाकलूशेट म्हणाले, तेव्हा आरोहीने कपाळाला हात लावला आणि छायाबाईंनी तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली. मायलेकींना हे वाक्य तोंडपाठ होतं. या घरात फ्रिज पौषात आला होता, स्वेटर वैशाखात आले होते आणि छत्र्या घेतल्या त्या दिवशी लोधिवलीच्या आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता.

"बाबा, मेमरी आहे ती. कॉम्प्युटरची," आरोही म्हणाली. "सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या आणि एक मोठा स्क्रीन. आत्ता घरांचे व्हिडिओ करायला शिकतेय तोवर चालेल, पण काम सुरू झालं की लागणारच."

"वस्तूच हाय ना? मग पडंल. कांदा पडतो, भात पडतं, तुजी मेमरी काय आभाळातच राहनार हाय?"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण धाकलूशेट आजवर चुकले नव्हते. चाळीस वर्षांत त्यांनी सुगीत भात विकलं नव्हतं. सगळे मळणी झाली की टेंपो भरायचे. धाकलूशेट कणग्या भरायचे आणि आषाढात भाव चढला की शांतपणे झाकण काढायचे. शेजारच्या गावांत कुणाकडे पैलवान होता, कुणाकडे भजनी बुवा. लोधिवलीकडे धाकलूशेट होते. भात सोसायटीचे चेअरमन बुधाजी तर त्यांनी मान हलवल्याशिवाय सोसायटीसाठी साधी खुर्ची घेत नसत. या मानाचा धाकलूशेटना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कुणी नवी वस्तू घेत नाही, दुकानदार माश्या मारत बसतात. धाकलूशेट नेमके तेव्हा दुकानात शिरायचे, भाव पाडायचे, पैसे द्यायचे आणि वस्तू तिथेच ठेवून यायचे. घट बसले की ती घरी यायची. पितरही नाराज नाहीत आणि खिसाही.

यंदाच्या पितृपक्षात ते खोपोलीला मनोजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दोन तास बसले, तीन चहा प्यायले आणि मेमरीच्या दोन पट्ट्या सात हजारांत ठरवून पैसेही देऊन आले. स्क्रीनचा भाव मात्र त्यांना पसंत पडला नाही. "हा अजून खाली येनार," स्क्रीनकडे बघून ते म्हणाले. घट बसले, दसरा झाला, कापणी सुरू झाली. स्क्रीन काही हलेना. दोन्ही वस्तू एकदमच न्यायच्या, खोपोलीला दोन खेपा कशाला, या हिशेबाने आरोहीची मेमरी मनोजच्या कपाटातच राहिली.

दिवाळी झाल्यावर धाकलूशेट पुन्हा गेले. स्क्रीन खरोखरच अकरा हजारांवर आला होता. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"काका, मेमरी मात्र लगेच न्या," मनोज म्हणाला. "एआयवाल्या कंपन्या सगळा माल उचलतायत. तुमच्या सातच्या पट्ट्यांचे आज चौदा झालेत."

"चौदा?" धाकलूशेट खुर्चीत पुढे सरकले. आयुष्यभर भाताला दामदुप्पट भाव मिळाला नव्हता, आणि इथे नुसती कपाटात पडलेली वस्तू दीड महिन्यात दुप्पट झाली होती. "मग तू कितीला घेशील?"

"कशाला? ती आरोहीची ना?"

"आनि आरोही कुनाची? चौदा देतोस का, ते बोल."

मनोज चाचरला. जरा बाहेर जाऊन फोनवर काहीतरी बोलला आणि परत येऊन म्हणाला, "देतो."

धाकलूशेट घरी आले ते स्क्रीनचं खोकं डोक्यावर मिरवत. "चौदाला मेमरी इकली. अकराचा ह्यो पडदा आला. वर राहिले त्याचे पेढे. म्हनजे पडदा पडला कितीला?"

"आणि मेमरी?" आरोहीने विचारलं.

"ती घेऊ की! व्यापाऱ्यांनी माल दाबून धरलाय गं. संक्रांतीपर्यंत सोडतील. परत सातला आनतो बघ."

आरोहीने आईकडे पाहिलं. छायाबाईंनी पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या खोपोलीच्या बाजाराला जाऊन आल्या, आणि आल्यावर सुकटीच्या डब्याचं झाकण घट्ट बसवताना दिसल्या. बुधाजींनी येऊन दोन पेढे खाल्ले आणि सोसायटीच्या कॉम्प्युटरलाही मेमरी संक्रांतीनंतरच घ्यायची, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

डिसेंबरात आरोहीला पुण्याच्या एका फर्मचा निरोप आला. कर्जतच्या बाजूला एक फार्महाऊस व्हायचं होतं. त्याचे नकाशे त्यांनी पाठवले. त्यावरून घराच्या आतबाहेर फिरून आल्यासारखा व्हिडिओ करून सोमवारपर्यंत द्यायचा. आवडला तर कायमचं काम, तेही घरी बसून. नाही आवडला तर आरोहीने पुण्याला जाऊन दुसरी नोकरी शोधायची आणि तिथेच राहायचं.

"तितंच?" धाकलूशेटनी विचारलं.

"मग काय रोज ये-जा करू?"

धाकलूशेटचा घास हातातच राहिला. पोर एकुलती एक. संध्याकाळी फाटक वाजलं की तीच आली हे त्यांना आवाजावरून कळायचं. ते फाटक वाजणार नाही, हा विचार त्यांना मुळीच सहन झाला नाही.

मंगळवारी त्यांनी तिच्या खोलीत डोकावून पाहिलं. नव्या स्क्रीनवर एक चकती गरगरत होती आणि खाली लिहिलं होतं, बारा टक्के. ते चहा पिऊन आले. बारा टक्के. गोठ्यात जाऊन आले. तेरा टक्के. कॅबिनेटवर मनी मांजर बसली होती आणि त्याच्या जाळीला नाक लावून डोळे मिटत होती.

"हाड! उबेला येऊन बसली, बघ," धाकलूशेटनी तिला हुसकलं. "काय गं, मेमरी नाय म्हनून अडलंय का?"

आरोहीने तोंड उघडलं, पण दारातून छायाबाई म्हणाल्या, "अडलंय की! नायतर काय!"

धाकलूशेटनी गाडीला किक मारली. मनोजने भाव सांगितला, सव्वीस हजार. धाकलूशेट उभे होते ते बसले.

"संक्रांतीला किती होईल रं?"

"संक्रांतीला तीसच्या वर जाईल, काका. उतरायचं लक्षण नाही."

"माज्या त्या पट्ट्या कुनाला दिल्यास?"

मनोज घाईघाईने फडक्याने काउंटर पुसू लागला. "होतं एक गिऱ्हाईक."

बुधवारी त्यांनी कर्जत पालथं घातलं. एका दुकानात माल नव्हता, दुसऱ्यात भाव ऐकून परत फिरावं लागलं. गुरुवारी मनोजचा भाव अठ्ठावीस झाला. परतीच्या वाटेवर बुधाजी आडवे आले.

"काय धाकलू, पडली का मेमरी?"

"पडंल," धाकलूशेट म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज इतका बारीक कुणी ऐकला नव्हता.

शुक्रवारी दुपारी ते पुन्हा खोलीत डोकावले. चकती फिरतच होती. मांजर परत येऊन बसली होती. आणि आरोही टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. ती झोपली होती कारण काम मार्गी लागलं होतं; पण धाकलूशेटना वाटलं, पोरीने हाय खाल्ली. ते पाय न वाजवता माघारी आले, पडवीत कणग्यांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी टेंपोवाल्याला फोन लावला.

शनिवारी सकाळी धाकलूशेटच्या दारातून भाताची पोती निघाली. छायाबाई पहाटेच बचत गटाच्या कामाला चौकला गेल्या होत्या आणि आरोही दार लावून कामात बुडाली होती. भर सुगीत, वर्षातल्या सगळ्यात पडेल भावाला धाकलूशेटनी दोन कणग्या रिकाम्या केल्या. व्यापाऱ्यानेसुद्धा विचारलं, "शेट, बरं वाटतंय ना?" त्यांनी घासाघीस केली नाही. पैसे घेतले आणि थेट खोपोली गाठली.

आता हे गावाने पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. पण टेंपो सोसायटीच्या दारावरूनच गेला.

"धाकलू सुगीत भात इकतोय!" बुधाजी ओरडले. "म्हनजे भाताचा भाव बसनार! त्याला काय तरी कळलंय!"

अर्ध्या तासात ज्याने त्याने फोन कानाला लावला. ज्यांनी धाकलूशेटचं बघून यंदा पहिल्यांदाच भात ठेवलं होतं, त्यांनी ते आधी बाहेर काढलं. दुपारपर्यंत लोधिवलीत पाच टेंपो आले, सहाव्याला वळायला जागा नव्हती, आणि इतकं भात एकदम निघालेलं पाहून व्यापाऱ्याने खरोखरच भाव पाडायला घेतला.

धाकलूशेट दुसऱ्या रस्त्याने घरी आले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. छायाबाईही नुकत्याच परतल्या होत्या. धाकलूशेटनी शर्टाच्या आतून चपटी डबी काढून आरोहीसमोर ठेवली.

"बसीव," ते म्हणाले. "आनि मला माफ कर. तुजी वस्तू मी इकायला नको होती."

आरोहीने डबीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि निमूटपणे कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलं. धाकलूशेट वाकले. आत चार खाचा होत्या. दोन खाचांत दोन पट्ट्या आधीच बसलेल्या होत्या. आणि आतल्या गरम हवेबरोबर सुकटीचा खमंग वास आला. मांजरीने आत डोकं घातलं.

"ह्या कुटल्या?"

"तुमीच सातला घेतलेल्या," छायाबाई म्हणाल्या. "मनोजचा फोन आलता मला. म्हनाला, काका इकायला बसल्यात, काय करू? मी म्हनलं, घे तू, पैसे उद्या आनून देते. माजे वाल इकल्याचे पैसे होते. आगोटीत मी घर भरते तवा कधी भाव पडायची वाट बघती का? पावसाच्या आधी मीठ-मसाला, सुकट भरायची म्हनजे भरायची. घरात लागनारी वस्तू घराभायेर जाऊ देत नाय मी."

"म्हंजे मी चौदाला इकली, ती..."

"मला."

"आनि ह्यो पडदा?"

"माज्या वालाचा."

धाकलूशेट खाटेवर बसले. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा नफा स्वयंपाकघरातून आला होता.

"आनि सुकटीच्या डब्यात का ठिवली?"

"त्या डब्याला तुमी कधी हात लावता का? आयतं ताटात येतं तुमाला."

"बाबा, मी सांगणार होते," आरोही म्हणाली. "चकती फिरते ती कामच करत असते. आईच म्हणाली, चार दिवस पळू देत त्यांना."

"म्हनलं जरा कळू दे," छायाबाई म्हणाल्या, आणि मग एकदम थांबल्या. "पर ह्यासाठी पैसे कुटून आनलेत?"

धाकलूशेट पडवीकडे बघत राहिले. छायाबाई उठून पडवीत गेल्या. दोन कणग्या रिकाम्या होत्या. त्या परत आल्या. ज्या माणसाने लग्नातला शेलाही आदल्या वर्षीच्या भावात घेतला होता, त्याने लेकीसाठी सुगीत भात विकलं होतं. छायाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

तेवढ्यात बुधाजी धापा टाकत आत शिरले. मागे आठदहा जण.

"धाकलू, खरं सांग! भात किती पडनार? माजी साठ पोती टेंपोत चढलीत!"

धाकलूशेटच्या ध्यानात सगळा प्रकार यायला थोडा वेळ लागला. सांगावं तर चाळीस वर्षांचा मान जातो, न सांगावं तर गावाचं भात मातीमोलाने जातं. ते उठून दारात आले.

"उतरवा पोती. भात पडनार नाय. मी भाव बघून इकलंच नाय."

"मग कशाला इकलंस?"

"पोरीला मेमरी पायजे होती."

"सात हजाराची?"

"अठ्ठावीस हजाराची!" धाकलूशेट छाती काढून म्हणाले. त्यांचा आवाज आता पहिल्यासारखा झाला होता, उलट चढाच. "साऱ्या खालापूर तालुक्यात एवढी महाग कुनी घेतली नसंल! कुनाच्या पोरीच्या कॉम्प्युटरात चार पट्ट्या हायत? दाखवा मला!"

कुणीच दाखवू शकलं नाही. बुधाजींनी घाम पुसला. "मग सोसायटीच्या मेमरीचं कसं करू? थांबू का?"

धाकलूशेटनी सवयीने तोंड उघडलं, मग मिटलं आणि छायाबाईंकडे बोट केलं. "हिला इचार. हिनं चौदाला घेतली."

बुधाजी वळले. छायाबाईंनी विचारलं, "लागती का आत्ता?"

"लागती ना, वयनी. पावती निघंना झालीय."

"मग घ्या."

सोमवारी आरोहीने व्हिडिओ पाठवला. बुधवारी फर्मचा फोन आला, काम कायमचं. धाकलूशेटनी तो फोन स्पीकरवर ठेवायला लावून ऐकला; दोनदाही ऐकला असता, पण परत ऐकायची सोय नव्हती. ते आरोहीला गाडीवर मागे बसवून चौकच्या पेढेवाल्याकडे गेले.

"दोन किलो दे," ते म्हणाले.

पेढेवाल्याने भाव सांगितला आणि सवयीने पुढच्या तासाभराच्या तयारीने स्टूल ओढलं. धाकलूशेटनी मुकाट्याने सगळे पैसे पुढे केले. पेढेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, आरोहीकडे पाहिलं. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून त्याने घाबरत घाबरत आपण होऊन वीस रुपये परत दिले.

धाकलूशेटनी नोट खिशात घातली आणि लेकीकडे वळून मिशीवरून बोट फिरवलं. "बघ. म्हनलो नव्हतो? भाव पडतो."