शेवटून पहिली

माणूस चुकतो, फॉर्म्युला कधीच चुकत नाही. हे त्रिकालाबाधित सत्य क्रीडाशिक्षकांनी सकाळी आठ वाजता अख्ख्या शिक्षकखोलीला सुनावलं आणि साडेदहाला लॅपटॉप गदागदा हलवायला घेतला.

निकालाचं शीट त्यांनी स्वतः बनवलं होतं. सर एकेकाळचे गोळाफेकपटू. ज्याचा आकडा मोठा तो पहिला, या हिशेबानं नंबर काढणारा फॉर्म्युला त्यांनी गोळाफेकीला लावला. तो चोख चालला, म्हणून तोच उचलून शंभर मीटरच्या रकान्यात चिकटवला.

शंभर मीटरला त्यांची मुलगी होती. वर्षभर पहाटे उठून धावलेली. पहिल्या मुलीचं नाव आंतरशालेय स्पर्धेला जाणार होतं आणि ते भरायचा ऑनलाइन फॉर्म बरोबर बारा वाजता बंद होणार होता. स्वतःच्या पोरीला पुढे काढलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून ‘शीट देईल तोच निकाल’ हे सरांनीच माईकवरून जाहीर केलं होतं.

मुलगी चौदा सेकंदांत आली. शीटवर पाचातली पाचवी! पहिली कोण, तर वाटेत निसटलेला बूट मागे जाऊन पायात घालून आलेली. एकतीस सेकंद.

“घड्याळ कुणी लावलं होतं?” सर गरजले.

“मी,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “घड्याळ बरोबर आहे. तुमचा फॉर्म्युला एकदा...”

“फॉर्म्युल्याला बोट लावायचं नाही! तुम्ही बटण उशिरा दाबलंत!”

“अस्सं?” बाईंनी पर्स उचलली आणि बाकावर जाऊन बसल्या. “मग बघा तुमचं तुम्ही.”

सरांनी शीट बंद करून उघडलं. लॅपटॉप बंद करून उघडला. आकडे पुसून पुन्हा लिहिले, या वेळी कळा अशा बडवत की शेजारच्या वर्गाला वाटलं सुतार आलाय. मुलगी पाचवीच!

“बाबा, मी सगळ्यांच्या पुढे होते! तुम्ही तिथेच उभे होतात!”

“मैदानावर बाबा नाही, सर म्हण! आणि शीटमध्ये तू शेवटची आहेस!”

“मग शीटलाच पाठवा धावायला!”

“फेरशर्यत!” सर ओरडले. पावणेबारा वाजले होते.

एव्हाना बाकीच्या चौघींनी शीटमध्ये डोकावून घेतलं होतं. पोरी हुशार. शिट्टी वाजली आणि चौघी लग्नाच्या वरातीसारख्या निघाल्या. एक वाकून बुटाची नाडी बांधत बसली, तर दुसरीला लगेच दोन्ही बुटांच्या बांधायच्या होत्या. शेवटच्या रेषेपाशी येऊन चौघी थबकल्या.

“तू हो पुढे.”

“छे गं, आधी तू.”

“पळा!” सर शिरा ताणून किंचाळले. “अगं पळा, म्हशींनो!”

चौघी रेषेपार गेल्या तेव्हा सहा मिनिटं झाली होती. सरांची मुलगी मात्र रागानं पेटून धावली होती. तेरा पूर्णांक आठ. शीटवर पुन्हा पाचवी! तिनं लॅपटॉपकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि घसा फाडून रडायला लागली.

सरांनी राग गिळला. त्याच्याबरोबर थोडा अभिमानही गेला. ते बाकापाशी गेले.

“बाई, जरा बघता का?”

“मी बटण उशिरा दाबते ना?”

“चुकलं माझं!” हेसुद्धा ते ओरडूनच म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला, फॉर्म्युल्याच्या शेवटी एक स्वल्पविराम आणि एक आकडा टाकला. “धावण्यात ज्याला कमी वेळ लागतो तो पहिला, सर. हे त्याला सांगावं लागतं. तुम्ही मुलींकडून गोळा फेकून घेत होतात.”

मुलगी झटकन पहिली झाली! सरांनी तिला खांद्यावर उचलून घेतलं, डाव्या हातानं फॉर्म उघडला आणि नाव लिहायची चौकट शोधू लागले.

बारा वाजून सात मिनिटं झाली होती. त्या वर्षी शंभर मीटरला शाळेतर्फे कुणीही धावलं नाही.