रुंजीकडे गेलेला फिटर

"मध्य प्रदेशात असं डोकं एकच आहे, आणि ते माझ्याच मानेवर आहे," असं नीलकंठराव झाडगावकर स्वतःविषयी सांगत. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. तेवढ्या काळात किती सामान सापडलं असं कोणी विचारलं, तर ते म्हणत, "सामान शोधणं हमालाचं काम. ते काहून हरवलं, हे मी शोधत होतो." दीक्षितपुऱ्यातल्या घरावर त्यांनी 'गूढभेदक' अशी पाटी लावायला सांगितली होती. रंगाऱ्यानं 'गुडभेदक' लिहिलं. तेव्हापासून अधूनमधून कोणीतरी दारात येऊन गुळाचा भाव विचारून जाई.

त्यांचा भाचा श्रीपाद सेहेचाळीस वर्षांचा, शाळेत इंग्रजी शिकवणारा, सरळ माणूस. सहायक म्हणून त्याची नेमणूक त्याला न विचारताच झाली होती.

१९७४च्या थंडीत श्रीपादच्या शाळेत विलायतेहून एक पत्र आलं. वर पत्ता एवढाच: 'इंग्रजीचे कोणीही शिक्षक, जुब्बुलपोर'. लिटल हॅम्बरी नावाच्या तीनशे वस्तीच्या खेड्यातून एडिथ कोबल या सत्तर वर्षांच्या बाईंनी ते लिहिलं होतं. तिथल्या चर्चची मंडळी गावाचा आणि गावातल्या घराण्यांचा इतिहास छापत होती. प्रत्येक घराण्याला एक पान. लिहिण्याचं काम एडिथबाईंकडेच होतं, आणि सगळ्या गावाची पानं भरली तरी त्यांचं स्वतःचं पान अर्धंच राहिलं होतं. वडील वॉल्टर कोबल १९०७ साली जबलपूरला कारखान्यात फिटर म्हणून आले. दोन वर्षं पत्रं आली, मग बंद. शेवटच्या पत्रातलं वाक्य बाईंनी जसंच्या तसं उतरवून पाठवलं होतं. श्रीपादनं ते मामांना मराठीत वाचून दाखवलं.

"सोमवारी हे सगळं सोडून मी रुंजीकडे जाणार. तिथं जिवाला आराम पडेल. बाकी मागाहून."

रुंजी कोण, हे एडिथबाईंच्या आईनं कधी कोणाला विचारलं नाही. गावानं मात्र ठरवून टाकलं. त्या दिवसापासून आईनं चर्चमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. पुस्तक मार्चमध्ये छापायला जाणार होतं. आपल्या बापानं आपल्याला टाकलं होतं का, एवढंच बाईंना कळायला हवं होतं.

नीलकंठरावांनी डोळे मिटले. "नावातच सगळं आलं. भुंगा रुंजी घालतो. हा भुंगा, ती फूल. नाचणारी असणार."

"मामा, आधी चर्चमधल्या दफनाच्या वह्या पाहाव्या का?"

"पळालेला माणूस मेलेल्यांच्या वहीत शोधून राहिला तू? अच्छा. म्हणून तू शिक्षकच राहिला."

मग श्रीपादच्या सायकलीवर मागे बसून ते नाचगाण्यातल्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या गणपतकडे गेले. गणपत चौऱ्याऐंशी वर्षांचा, कानानं जरा मंद.

"रुंजी माहीत नाही," तो म्हणाला. "रंजना होती एक. नर्स होती. सन चाळीसमध्ये."

"तेव्हा तिचं वय?"

"वीस-बावीस."

"म्हणजे वय चोरून राहिली होती," नीलकंठरावांनी वहीत टिपून घेतलं.

पुढच्या आठवड्यात नर्स बाद होऊन रुंजी ही ठगाची नात ठरली. तिनं फिटरला धोतरा चारला आणि नर्मदेत ढकललं. त्यानंतर ती जर्मनांची हेर झाली. ती बाई नव्हतीच, बाईच्या वेशातला पुरुष होता, हा शोध लागला त्या संध्याकाळी नीलकंठरावांना स्वतःचाच इतका अभिमान वाटला की त्यांनी दोनदा जेवायला वाढून घेतलं.

वाढत होत्या बेबीताई, त्यांच्या पत्नी. त्या चौथी शिकलेल्या. श्रीपाद पाटावर बसून पुन्हा पाकीट पाहत होता.

"काय लिवलंय रे वरती?" त्यांनी विचारलं.

"जुब्बुलपोर. इंग्रज आपल्या गावाला तसंच लिहायचे, मामी."

बेबीताईंनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. मग म्हणाल्या, "जबलपूरचं जुब्बुलपोर करणारी माणसं रांझीचं काय करतील?"

त्यांनी पोळी नीलकंठरावांच्या ताटात टाकली.

"माझी बहीण पुष्पा राहते नं तिथं," त्या पुढे म्हणाल्या. "कारखान्याच्या जवळ पडते म्हणून सारेच तिकडे राहायला जातात. हा पण गेला असंल. तुम्ही दर दिवाळीत जाता की जेवायला."

श्रीपादचे कान तापले. मूळ इंग्रजीत नुसतं 'टू रुंजी' एवढंच होतं. 'रुंजीला' लिहायचं की 'रुंजीकडे', म्हणजे ती जागा की बाई, हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं. लिटल हॅम्बरीनं पासष्ट वर्षांपूर्वी ठरवलं, अगदी तसंच.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये गेला. पाद्रींनी १९०९ची वही काढून दिली. पाच मिनिटंही लागली नाहीत. वॉल्टर कोबल, फिटर, राहणार रांझी, वय एकतीस. पटकी. नातेवाईक: माहीत नाहीत. तारीख बारा मे. शेवटचं पत्र एक मेचं, आणि त्यातला सोमवार तीन तारखेचा होता. नव्या जागी तो नऊ दिवस राहिला होता, आणि त्याचं गाव कुठलं हे बहुधा तिथं कोणाला ठाऊक झालं नव्हतं.

"मला पटकीचा संशय पहिल्यापासून होता," नीलकंठराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

एडिथबाईंचं उत्तर फेब्रुवारीत आलं. श्रीपादनं या वेळी शब्दन् शब्द जपून वाचला.

"आमचं पान पूर्ण झालं. लहानपणी शाळेतली मुलं मला रुंजी म्हणून चिडवत. आई मरेपर्यंत त्या बाईवर रागावून होती. आता माफी मागायची तर एका वस्तीची मागावी लागेल. ती जागा कशी आहे, एवढं कळवाल का? त्यांना तिथं आराम मिळाला असता का?"

नीलकंठरावांनी काही न टिपता वही मिटली. हे त्यांच्या बाबतीत सहसा घडत नसे.

"आराम कसला," बेबीताई म्हणाल्या. "सकाळी भोंगा वाजला की सारी सायकलीवर पळतात. पण लिही, रांझी चांगली आहे म्हणावं. हवा मोकळी आहे. थंडीत पनागरचा मटार येते. मायलेकी आल्या असत्या तर रमल्या असत्या."

श्रीपादनं सगळं लिहिलं आणि 'रमल्या असत्या'पाशी येऊन अडला. वीस वर्षं इंग्रजी शिकवूनही त्याला शब्द सापडेना. तीन लिहिले, तीनही खोडले.

नीलकंठरावांनी वाकून ते खोडलेले शब्द पाहिले.

"साधं खूश लिही, हॅपी," ते हळूच म्हणाले. "चलो, तिला समजंल."