मळवलेलं विमान

मिलिमीटर कामावरून आला, हातपाय धुऊन आपल्या खोलीकडे वळला आणि दारातच खिळून उभा राहिला. टेबलावरचं लढाऊ विमान चमकत होतं.

विमान चमकलं तर बिघडलं कुठे, असं कोणालाही वाटेल. मिलिमीटरला तसं वाटणं शक्य नव्हतं. तो एका कारखान्याच्या तपासणी विभागात बोल्ट मोजायचा. केसाएवढा फरक निघाला तरी अख्खी पेटी परत पाठवायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. बायकोही रागावली की हेच नाव वापरायची. त्याला हौस एकच, महायुद्धातल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवायची. यंदाचं विमान खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं होतं. सुटे भाग जोडून रंग देणं लवकर उरकलं. वेळ गेला तो विमान मळवण्यात. लढाईवरचं विमान काही नवरदेवासारखं नटून उडत नाही. त्याने काळा खडू उगाळून इंजिनाच्या नळ्यांमागे काजळी धरवली होती, तीही वाऱ्याच्या दिशेने फिकट होत जाणारी. पोटाखाली तेलाचे ओघळ काढले होते. पायलट जिथे पाय ठेवून चढतो तिथला रंग खरवडला होता आणि तापलेल्या सुईने डाव्या पंखाला गोळीचं भोक पाडलं होतं.

हे सगळं शहरातल्या वार्षिक प्रदर्शनासाठी. तिथे दरवर्षी पहिलं बक्षीस एक दंतवैद्य न्यायचा. जन्मभर माणसांच्या दाढांमधली कीड जवळून पाहिलेल्या माणसाशी घाणीच्या बाबतीत बरोबरी करणं सोपं नव्हतं. यंदा मात्र मिलिमीटरची काजळी त्याच्या तोडीची जमली होती. वरून पारदर्शक लॅकरचा हात दिला की ती पक्की होणार होती. तो हात द्यायचाच राहिला होता.

"कसं झालंय?" मागून आवाज आला.

सासूबाई टूथब्रश घेऊन उभ्या होत्या. त्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. ऑपरेशन थिएटर त्यांच्या ताब्यात असायचं आणि भलेभले सर्जन त्यांच्यासमोर नखं लपवायचे. नुकत्याच निवृत्त होऊन त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या.

"जावईबापू, काय दशा करून ठेवली होतीत हो त्याची! पोटाखाली नुसतं वंगण. कोमट पाणी आणि साबण घेऊन बसले सकाळपासून. आणि केवढं ते कोळिष्टक! थेट त्या खांबापासून शेपटीपर्यंत!"

ते कोळिष्टक म्हणजे विमानाच्या रेडिओची तार होती. मेणबत्तीवर तापवलेली प्लॅस्टिकची काडी ओढून ती केसाइतकी बारीक केली होती. कित्येक काड्या जाळल्यावर एक जमली होती.

"पंखाला भोकही पडलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "पट्टी लावलीय."

खरंच, भोकावर चिकटपट्टीचा नखाहून लहान चौकोन बसवला होता. कडा सुरेख कापलेल्या.

मिलिमीटरने तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंच्या पाठीमागे उभ्या असलेल्या बायकोने असे काही डोळे वटारले की त्याने ते मिटलं आणि पुन्हा वेगळ्या कामासाठी उघडलं.

"थँक्यू, आई. फारच... स्वच्छ झालंय."

स्वयंपाकघरात बायकोने त्याला कोपऱ्यात घेतलं. "एक अक्षर बोलायचं नाही. रिटायर झाल्यापासून रोज विचारते, आता माझा काय उपयोग. आज पहिल्यांदा गाणं गुणगुणत होती."

"अगं, पण माझी काजळी!"

"काजळी परत लावता येते. तिचा चेहरा उतरला तर तू वर करणार आहेस?"

मिलिमीटरने काजळी परत लावली. या वेळी शहाणपणाने त्यावर लॅकरचा हातही दिला. आता साबणाचा बाप आला तरी काही होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमान पुन्हा आरशासारखं लखलखत होतं.

"चिवट मळ होता हो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "साबणाला दाद देईना. मग म्हटलं, थांब, तुला दाखवते. कापूस घेतला आणि स्पिरिट. निघाला मुकाट्याने!"

"थँक्यू, आई."

"थँक्यू कसलं त्यात? पण पुसलेली वस्तू एका रात्रीत एवढी मळते म्हणजे मूळ दुसरीकडेच आहे. ते शोधायला हवं."

दोनदा आभार मानले की माणसाला पुढचं काम आपोआप मिळतं. सासूबाईंनी तपास हाती घेतला. संशय आधी खिडकीवर गेला. तिच्या फटी त्यांनी चिकटपट्टीने बुजवल्या. मग पंखा बंद झाला. मग दाराशी औषधाच्या पाण्यात भिजवलेलं पायपुसणं आलं. मिलिमीटर स्वतःच्या खोलीत घामाघूम होऊन, ओल्या पायांनी, तोंडाला फडकं बांधून बसू लागला. शेवटी त्याने विमान पुन्हा मळवलं, बुटांच्या खोक्यात घातलं आणि कपाटावर लपवलं. कपाटाच्या माथ्यावरची धूळ पुसणारी माणसं जगात फार थोडी. त्यांतलं एक याच घरात राहतं, हे तो विसरला.

"बुटांच्या खोक्यात!" सासूबाई हळहळल्या. "म्हणून मळतं ते!"

हे झालं प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी. विमान दुकानातल्या खेळण्यासारखं चकाकत होतं. काजळी नाही, ओघळ नाही, तार नाही, आणि परत मळवायला काळा खडूही संपलेला. उरली होती ती फक्त पट्टी.

"नको जाऊ मग," बायको हळूच म्हणाली.

"नाव दिलंय. जागा रिकामी दिसली की दंतवैद्य म्हणणार, घाबरला."

"मीही येते," सासूबाई आतून म्हणाल्या. "आपलं विमान कसं उठून दिसतं ते बघायचंय मला."

सभागृहात लांबच लांब टेबलं मांडली होती आणि त्यांवर ओळीने विमानं. सगळी मळकी. सासूबाई दारातच थबकल्या. अस्वच्छ वॉर्डात पाऊल टाकताना मेट्रनचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

"अरे देवा! इतकी घरं, आणि एकातही कोणी फडकं मारत नाही?"

मिलिमीटर आपलं विमान रांगेच्या टोकाला ठेवून हजेरी नोंदवायला गेला. सही करून वळून पाहतो तर सासूबाई दंतवैद्याच्या टेबलाशी उभ्या. दंतवैद्य पलीकडे परीक्षकांशी हसून बोलत होता. त्याच्या विमानावरची काजळी खरोखर अप्रतिम होती, करड्यातून काळ्यात कुठे शिरली ते कळू नये अशी. सासूबाईंनी पर्स उघडली. कापूस निघाला. पाठोपाठ स्पिरिटची बाटली निघाली.

मिलिमीटर जागचा हलला नाही. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं भिंतीवरचे नियम वाचत उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. दंतवैद्याची सद्दी संपली असती, आणि ती मिलिमीटरने संपवली असं कोणी म्हणालं नसतं. त्याने नियम वाचायला सुरुवातही केली. पण ज्याला बोल्टमधला केसाएवढा फरक खपत नाही, त्याला हे कसं खपावं?

"आई, थांबा!" तो टेबलांमधून धावत सुटला. "ती घाण नाही! ते काम आहे!"

कापूस काजळीपासून वीतभर अंतरावर थांबला. सासूबाईंनी त्या मळक्या विमानाकडे पाहिलं, मग सगळ्या रांगेकडे, मग टोकाला चकाकणाऱ्या एकुलत्या एका विमानाकडे.

"म्हणजे तुमचंही काम होतं?"

"हो."

"ते कोळिष्टकही?"

"रेडिओची तार होती."

"आणि तुम्ही मला थँक्यू म्हणत राहिलात."

सासूबाईंनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. "जावईबापू, दुखलं तर पेशंटने ओरडायला हवं. त्याशिवाय आमचा हात कुठे थांबायचा?"

पहिलं बक्षीस दंतवैद्यालाच मिळालं. मिलिमीटरच्या विमानासमोर परीक्षक क्षणभर थांबले. "फारच कोरं," ते म्हणाले, "पण पट्टी झकास. लढाईत भोकं अशीच बुजवायचे." निघताना दंतवैद्याने मिलिमीटरचा हात हातात घेतला. "तुमच्या सासूबाई रसिक आहेत हो. माझं विमान अगदी जवळून बघत होत्या."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मिलिमीटर आपल्या खोलीत गेला तर खिडकीच्या पट्ट्या निघालेल्या, पंखा सुरू. टेबलावर एक स्टीलचा ट्रे, त्यात औषधाच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. एकीत काजळी, एकीत फ्रिजमागची धूळ, एकीत गंजाची पूड, एकीत बागेतली माती.

"सगळं तव्यावर खरपूस भाजून घेतलंय," सासूबाई दारातून म्हणाल्या. "जंतूचं नाव नाही. आता मळवा हवं तेवढं, मी हात लावणार नाही."

मिलिमीटरला थँक्यू म्हणायची आता भीतीच वाटत होती. त्याने ब्रश काजळीत बुडवला आणि विमान हातात घेतलं.

"आणि ती पट्टी काढायची नाही हं," त्या जाता जाता म्हणाल्या. "जखम भरायला वेळ लागतो."