माल अखंड पोहोचत आहे

मालवाहतुकीच्या विम्यात आग, पूर, अपघात, चोरी आणि दंगल यांची भरपाई मिळते. जावई या संकटाचा त्यात कुठेही उल्लेख नाही. ही विमा कंपन्यांची गंभीर चूक आहे, असे मत मामांनी पुढे जाहीरपणे मांडले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

मामांचे चार ट्रक होते. सगळा धंदा एका खोलीतून, एका टेबलावरून आणि मामींच्या आवाजावर चाले. ट्रक कुठवर आला हे कळावे म्हणून मामी ड्रायव्हरला फोन करत. ड्रायव्हर म्हणे, "पोहोचतोच आहे." म्हणजे तो अजून घरातून निघालेला नाही हे मामी ओळखत, कारण त्याच्या मागे कुणीतरी भांडी घासत असे. मग मामी त्याला जे काही बोलत, ते ऐकून ड्रायव्हर निघे, ट्रक निघे, आणि शेजारच्या दुकानातली मांजरही उठून निघून जाई. ही व्यवस्था जुनाट होती, कानठळ्या बसवणारी होती. तिच्यात एकच दोष होता. ती चालत होती.

मामांचे जावई एका मोठ्या कंपनीत 'परिवर्तन अधिकारी' होते. कशाचे परिवर्तन कशात करायचे हे कंपनीने अजून ठरवले नव्हते, पण अधिकारी नेमून ठेवला होता. एका रविवारी जेवण झाल्यावर जावईबापूंनी ऑफिसवर नजर फिरवली आणि खेदाने म्हणाले,

"मामा, तुमच्या धंद्यात पारदर्शकता नाही."

मामा फडके घेऊन खिडकीकडे निघाले.

"काच नाही हो! तुम्ही आमच्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर यायला हवं."

"ट्रक प्लॅटफॉर्मवर?" मामींनी विचारले. "चढणार कसा?"

जावईबापूंनी शांतपणे समजावले. प्लॅटफॉर्म म्हणजे मोबाइलमधली व्यवस्था. ती आपणहून माल शोधते, आपणहून रस्ता दाखवते. ट्रकमध्ये वीतभर जागा रिकामी राहिली तरी तिला झोप येत नाही. मागच्या दाराला कुलूप बसते, ते ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला आकडा घातल्याशिवाय उघडत नाही. चोरी नाही, उशीर नाही, फोन नाही, आरडाओरडा नाही.

"फोनच करायचा नाही?" मामींचा चेहरा पडला.

"गरजच नाही, मामी. आता तुम्ही आराम करा."

सेवानिवृत्तीची इतकी गोड नोटीस मामींना याआधी कुणी दिली नव्हती. त्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी छताकडे पाहिले. जावयाला तोंडावर नाही म्हणणारा सासरा अजून जन्माला यायचा आहे. मामांनी जावईबापूंच्या मोबाइलवर 'मला सर्व अटी मान्य आहेत' या वाक्यावर अंगठा टेकवला. अटी किती होत्या हे त्यांनी विचारले नाही आणि जावईबापूंनाही ठाऊक नव्हते.

पहिली खेप कुणाची हे जावईबापूंनीच जाहीर केले. त्यांचे बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या घरात हलायचे होते. "आमचाच संसार पहिला! परिवर्तनाची सुरुवात स्वतःपासून." मामांच्या मुलीला, जिला ट्रकवाले सगळे ताई म्हणत, हे मुळीच पसंत नव्हते. सामान हलवायच्या दिवशीच संध्याकाळी तिच्या सासूबाई नवे घर बघायला येणार होत्या, आणि सासूबाईंची नजर अशी, की भिंतीतला खिळासुद्धा तिरपा असला तर सरळ होई. पण बायकोनेच विश्वास दाखवला नाही तर जग काय म्हणेल, असे म्हणत जावईबापूंनी विषय संपवला.

ट्रकवर ड्रायव्हर होता बुलेट. हे टोपणनाव त्याला त्याच्या वेगावरून मिळाले होते, चेष्टेने. बुलेटला आजवर सायकलवाल्यांनी, हातगाडीवाल्यांनी आणि एकदा एका वरातीनेही मागे टाकले होते.

प्लॅटफॉर्मच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वस्तूचा फोटो ग्राहकाने काढायचा होता, आणि ग्राहक म्हणून नाव ताईचे नोंदले होते. ताईने गादीचा काढला, शेगडीचा काढला, शेवटी लोखंडी कपाटाचा आतून काढला. कपाटातली फुगलेली बॅग खाली दाबायला तिने मोबाइल क्षणभर फळीवर ठेवला. तेवढ्यात मामांनी तिला पिशव्या मोजायला हाक मारली. हमालांनी कपाट बंद केले, दोर आवळला आणि कपाट ट्रकमध्ये चढवले.

ट्रकमध्ये अजून थोडी जागा उरली होती. प्लॅटफॉर्मला झोप येईना. त्याने समोरच्याच गोदामातून दारावरच्या घंटांची खोकी शोधून काढली. घंटांमध्ये सेल आधीच घातलेले होते. ही त्या कारखान्याची खास सोय होती. खोकी चढली, दार लागले, कुलूप 'टक्' वाजले. जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या.

नव्या घराशी पोहोचेपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर ट्रकमधून शेकडो घंटा एकदम 'टिंग टाँग' करत होत्या आणि दुतर्फा लोक आपापली दारे उघडून 'कोण आहे?' म्हणून बाहेर डोकावत होते. एवढ्या घरांनी स्वागत केलेला ट्रक मामांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना वाटले, जावई म्हणतो त्यात काहीतरी असेल.

घरासमोर बुलेट उतरला आणि म्हणाला, "ताई, आकडा सांगा."

ताईने पर्स उघडली. पिशवी उघडली. मग तिचा चेहरा बदलला.

"माझा मोबाइल कपाटात आहे."

"कपाट?" मामांनी विचारले.

"ट्रकमध्ये आहे."

"आणि कुलपाची किल्ली?"

"मोबाइलमध्ये आहे," बुलेट म्हणाला. त्याला चटकन समजलेली आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट असावी.

जावईबापू हसले. अशा प्रसंगांसाठीच तर मदतकेंद्र असते. त्यांनी स्वतःच्याच कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजाने त्यांचा फोन अत्यंत महत्त्वाचा असल्याचे सांगितले आणि मग बासरी लावून ठेवली. बासरी संपल्यावर तोच आवाज म्हणाला, की ग्राहकाचा नंबर बदलता येईल. त्यासाठी लागणारा आकडा ग्राहकाच्या जुन्या नंबरवर पाठवण्यात आला आहे. ट्रकच्या पोटातून 'टिंग' असा बारीक आवाज आला.

"आला, आला!" मामी ओरडल्या. "आता वाचा!"

मामा मात्र टिकाव घेऊन आले. जावईबापू दोन्ही हात पसरून दारासमोर उभे राहिले.

"मामा, कुलूप तोडलंत तर चोरीची नोंद होईल!"

"माझा ट्रक, माझी पोर, तिचं कपाट. मी चोर?"

"मालकानं स्वतःचीच चोरी करणं ही तर सगळ्यात वरची श्रेणी आहे, मामा. पोलीस आपोआप येतात."

दरम्यान प्लॅटफॉर्म स्वस्थ बसलेला नव्हता. ठरलेल्या वेळात ग्राहकाने माल का घेतला नाही, याचा त्याने शोध घेतला. ग्राहकाचा मोबाइल कुठे आहे ते पाहिले. जाड लोखंडी कपाटातून जो काही अंदाज बाहेर आला त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की ग्राहक या पत्त्यावर नसून किंचित पुढे आहे. त्याने पत्ता दुरुस्त केला आणि बुलेटला आदेश दिला: ग्राहकाकडे जा.

"ताई, तुम्ही पुढच्या वळणावर आहात असं म्हणतंय."

"अरे मी तुझ्यासमोर उभी आहे!"

"मला दिसताय हो. त्याला दिसत नाही. आणि मी नाही गेलो तर माझी आजची खेप बुडेल."

बुलेट निघाला. ट्रक पुढे गेला तसा कपाटातला ग्राहकही पुढे गेला. प्लॅटफॉर्मने पत्ता पुन्हा दुरुस्त केला. एकच गोष्ट बरी होती. बुलेटच्या वेगामुळे सगळ्यांना ट्रकबरोबर चालत जाता येत होते. पुढे टिंग टाँग करणारा ट्रक, मागे ताई, तिच्या मागे टिकाव खांद्यावर घेतलेले मामा, मग मामी, आणि सर्वांत शेवटी मोबाइल कानाला लावून बासरी ऐकणारे जावईबापू. गल्लीतली काही माणसे, कसला तरी मोर्चा दिसतोय आणि आपली मागणी तशीच पडून आहे, म्हणून सामील झाली. एका आजोबांनी तर "पाणी नियमित मिळालंच पाहिजे!" अशी घोषणाही दिली. ताईला आधी रडू येत होते. ही घोषणा ऐकून तिला हसू फुटले आणि मग ते थांबेचना.

कंपनीच्या मुख्य कचेरीत भिंतभर पडदा होता. त्यावर त्या दिवशी हजारो ट्रक होते, पण साहेबांचे डोळे एकाच ट्रकवर खिळले. माल आणि ग्राहक यांच्यातले अंतर: शून्य. उशीर: शून्य. रिकामी जागा: शून्य. खाली हिरव्या अक्षरांत लिहिले होते, 'माल ग्राहकापाशी अखंड पोहोचत आहे.' साहेबांनी स्वतः जावईबापूंना फोन लावला. तो मात्र लगेच लागला.

"अभिनंदन! माल ग्राहकापासून क्षणभरही दूर नाही! काय युक्ती केलीत?"

"साहेब, माझ्या बायकोचा मोबाइल ट्रकमधल्या कपाटात अडकलाय."

मग साहेब भारावलेल्या आवाजात म्हणाले, "कपाटात! हे सगळ्या ग्राहकांना सक्तीचं करता येईल का?"

जावईबापूंनी पगारवाढीचा विचार करून सांगितले, की करता येईल.

शेवटी मोबाइलचे चार्जिंग संपले. पडद्यावरचा ग्राहक विझला. नंतर कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेल्या जावईबापूंच्या मोबाइलवर खिडकी उघडली: 'ग्राहक आढळत नाही. कारण निवडा.' खाली दोन पर्याय होते. पहिला, 'ग्राहक दिवंगत'. दुसरा, 'ग्राहक दिवंगत, वारस माल घेण्यास तयार'. तिसरा नव्हता. माणसाचा मोबाइल नुसता बंदही पडू शकतो, हे परिवर्तनाच्या वेळी कुणाला सुचले नव्हते.

जावईबापूंनी बायकोकडे पाहिले.

"दाब," ताई म्हणाली.

"अगं, पण..."

"मला मारून कपाट मिळत असेल तर मार. तासाभरात सासूबाई येतील. घरात बसायला चटई नाही."

"अहो, भलतंसलतं काय!" मामी कळवळल्या. "जिवंत पोरीला..."

"आई, नुसतं मोबाइलमध्ये गं!"

"हल्ली माणूस असतोच कुठे दुसरीकडे?" मामा म्हणाले आणि त्यांनी टिकाव खाली ठेवला.

जावईबापूंनी डोळे मिटून दुसरा पर्याय दाबला. कुलूप 'टक्' करून उघडले. गोड आवाज म्हणाला, "या दुःखद प्रसंगी आम्ही आपल्या सोबत आहोत. पुढच्या खेपेवर दहा टक्के सूट." त्याबरोबर मोर्चातल्या सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, बुलेटने हॉर्न वाजवला, मामींनी लेकीला मिठी मारली आणि जावईबापू पाणीवाल्या आजोबांच्या गळ्यात पडले. पत्नीच्या निधनावर इतका आनंद सहसा पाहायला मिळत नाही.

ट्रक घराकडे वळला. मोर्चेकऱ्यांनीच हातोहात सामान उतरवले. शेगडी लागली, चटई पसरली, आणि दारात रिक्षा थांबली. सासूबाई हुंदके देत उतरल्या. नातेवाईक म्हणून नोंदलेल्या सर्व नंबरांवर प्लॅटफॉर्मने शोकसंदेश पाठवला होता. सासूबाईंनी वाटभर रडून पदर भिजवला होता. "माझी सोन्यासारखी सून! एक शब्द कधी उलटा बोलली नाही!" असे त्या जिन्यात मोठ्याने म्हणत असतानाच सुनेने दार उघडले.

सासूबाई थबकल्या. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"तू गेली नाहीस?"

"नाही, आई."

"नक्की?"

"नक्की."

सासूबाईंनी तिला जवळ ओढून घट्ट धरले. मग तिच्या खांद्यावरून आत पाहत त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कपाट जरा तिरपं लागलंय. चहा टाक."

ताई प्लॅटफॉर्मवर आजही दिवंगत आहे. पुन्हा जिवंत होण्यासाठी स्वतःच्या नावाने आत जावे लागते आणि दिवंगतांना आत घेत नाहीत. जावईबापूंना रोज सकाळी 'नव्या जोडीदाराच्या शोधात आहात का?' असे विचारणारा संदेश येतो. तो ताई मोठ्याने वाचून दाखवते. त्यांची पगारवाढ झाली. मामांना शून्य उशिराबद्दल काचेचे सन्मानचिन्ह मिळाले आणि त्या जोरावर चारही ट्रकना इतका माल मिळू लागला, की प्लॅटफॉर्म सोडायची भाषा त्यांनी बंद केली. ट्रक वेळेवर पोहोचतात, कारण जावयाच्या नकळत मामी पुन्हा ड्रायव्हरांना फोन करू लागल्या आहेत. कंपनीने या सुधारणेचे श्रेय नव्या संगणकप्रणालीला दिले आहे.

राहता राहिला अभिप्राय. त्या रात्री जावईबापूंच्या मोबाइलवर पाच तारे आले: 'आमची सेवा कशी वाटली?' पाचाहून कमी तारे दिले तर कारण लिहावे लागणार होते आणि बुलेटचे पैसे कापले जाणार होते. शिवाय सगळे दमले होते. जावईबापूंनी पाच दाबले आणि खिडकी बंद केली.

ते पाच तारे तुम्ही पाहिले आहेत. मागे सामान हलवायचे होते तेव्हा फोन उचलणारा ओळखीचा ट्रकवाला सोडून तुम्ही ते तारे बघूनच ठरवले होते. पलंगाचा एक पाय अजून सापडलेला नाही, म्हणून तुम्ही चिडलात, ते बरोबरच होते. पण मग तुमच्याही मोबाइलवर तीच खिडकी उघडली होती. तुम्ही किती तारे दिलेत?