एसीवाल्या परबकाकांची पोरं

परबकाका रोज सकाळी माकडटोपीची डावी बाजू वर गुंडाळत आणि क्वार्टर्सच्या मागे ठेवलेल्या लाकडी पेटीला कान लावून उकिडवे बसत. डोळे मिटलेले, हातातला चहा गार. शेजारून कोणी चपला फटफटवत गेलं की गप्प राहण्यासाठी एक बोट वर. थोड्या वेळाने ते म्हणत, "आसत." म्हणजे आहेत. पेटीत मधमाश्या होत्या आणि त्या अजून जिवंत आहेत, एवढं ठरल्याशिवाय काकांचा दिवस सुरू होत नसे.

जबल अख्दरच्या डोंगरावरच्या एका हॉटेलात मी देखभालीचा इंजिनिअर होतो. मंगळवेढ्याच्या मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. ओमानमध्ये नोकरी मिळाल्याचंच मला इतकं अप्रूप, की कंपनीने मस्कतजवळच्या अल खौदहून या डोंगरावर पाठवलं तेव्हाही मी साहेबांचे आभारच मानले. खाली थंडी फक्त एसीतून येते. इथे जानेवारीत बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते. परबकाका कुडाळकडचे, आमचे एसी मेकॅनिक. "थंडी करूचो धंदो माझो," असं छाती काढून सांगणारे. आणि आता त्याच थंडीने त्यांची झोप उडवली होती.

पेटी शेजारच्या डाळिंबाच्या बागेच्या मालकाची, आम्ही ज्याला अर्बाब म्हणजे मालक म्हणत असू त्या खल्फानची. बायकोच्या उपचारासाठी हिवाळाभर मस्कतला राहावं लागणार म्हणून त्याने ती काकांच्या हवाली केली. जाताना बजावलं, "परब, पेटी नहीं खोलने का. ठंडा अंदर गया, खलास."

"इन्शाल्ला, अर्बाब," काका म्हणाले आणि त्याच संध्याकाळी माझ्या खोलीत आले.

"इंजिनेरा, पोरां गारठली असतली रे. वायच पिठी दिली तर? कुळथाची. कोमट."

"काका, आत त्यांचा मध आहे."

"मध म्हणजे काय जेवण?"

मी मोबाइलवर शोधून सांगितलं की थंडीत माश्या एकमेकींना चिकटून गोळा करतात आणि अंग थरथरवून ऊब तयार करतात.

"म्हणजे आमची लेबर कॅम्पातली खोली," काका म्हणाले. पण समाधान टिकलं नाही. वारा सुटला तशी त्यांनी स्टोअरमधून डक्टला गुंडाळायची ग्लासवूल आणि चंदेरी टेप आणली. एकेक सांधा असा बंद केला की हवेने वाट विचारावी. खाली माश्यांच्या दारापुरती फट ठेवली. पेटी इतकी चकाचक दिसू लागली की नवा वॉचमन तिचा रिमोट कुठे आहे ते विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फटीतून पाणी ठिबकत होतं.

काका पांढरे पडले. पाऊस तर नव्हता. मग त्यांनी कपाळावर हात मारला. माश्यांच्या श्वासाची वाफ गार झाकणाला लागून थेंब थेंब त्यांच्याच अंगावर पडत होती. "ड्रेनच दिलो नाय मी! रोज हेल्परांका बोंबलतंय, पाणी खय जातला ता आधी बघा. आणि हयसर पोरांका भिजवलंय!"

थंडीपेक्षा ओलीनेच माश्या जास्त मरतात, असं मोबाइलवर लिहिलं होतं. ते मी मोठ्याने वाचायला नको होतं.

काकांनी झाकणाखाली टेप कापून वाफेला वाट केली, मागे दगड घालून पेटी पुढे कलती केली आणि कान लावला. मग दुसरा कान. "तू आयक."

मी ऐकलं. मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता.

"आसत काय?"

मी पेटीमागचा दगड उगाच सारखा करत राहिलो.

पुढचे काही दिवस आभाळ निवळलं नाही. काका स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीपाशी जात. "फक्त एक फट करून बघतंय." मी म्हणे, "काका, अर्बाबने काय सांगितलंय?" की परत फिरत. जेवण पानात तसंच राही. मॅनेजरच्या खोलीत हीटिंग लावायला गेले आणि कूलिंग लावून आले. तो कुडकुडत फोनवर ओरडत होता, तर हे म्हणाले, "साब, थोडा दम रखो, हवा में नमी बहुत है." गावच्या जत्रेसाठी घेतलेली रजाही त्यांनी रद्द केली.

एका शुक्रवारी दुपारी लख्ख ऊन पडलं. वाळत घातलेले कपडे काढायला मी मागे गेलो आणि ओरडलोच. मस्कतच्या कुरुमहून आणलेल्या माझ्या नव्या पांढऱ्या शर्टावर पिवळे-तपकिरी ठिपकेच ठिपके!

काका धावत आले. एका ठिपक्याला बोट लावलं, बोट निरखलं आणि वर पाहिलं. दोरीवर, आमच्या डोक्यावर, पेटीपासून गच्चीपर्यंत माश्या घिरट्या घालत होत्या.

"हगली!" काका किंचाळले. "इंजिनेरा, हगली रे पोरां!"

थंडीभर त्या पेटीत घाण करत नाहीत, पोट धरून बसतात. ऊन पडलं की सगळ्या एकदम बाहेर. काकांनी माझा शर्ट दोन्ही हातांनी उंच धरून क्वार्टर्सभर मिरवला. धुवायला दिला नाही.

मी हसत म्हटलं, "परक्याच्या पेटीपायी केवढा घोर लावून घेतलात काका! जत्रासुद्धा सोडलीत."

काका शर्टाची घडी घालू लागले. गावाकडे त्यांची बायको, एक मुलगा आणि एक मुलगी.

"झिलाचो हात मोडलो, ता माका प्लास्टर काढल्यार कळला. चेडवाक टायफॉइड झालो, ता शाळेत जाऊक लागल्यार कळला. बायको म्हणता, तुमी तिकडे एकटे, उगाच घोर कशाक? बरोबर आसा तिचा." घडी वाकडी झाली म्हणून त्यांनी पुन्हा उलगडली. "अर्बाबानच काय तो दिलो माका. घोर."

माझी आईही दर शुक्रवारी फोनवर "सगळं बरं आहे" एवढंच सांगते, हे मला तेव्हा आठवलं.

ऊन डोंगराआड गेलं तसा वारा बोचू लागला. माश्या एकेक करून फटीतून आत शिरल्या.

"चला काका, आत चला. गारठाल."

"तू हो फुडे," ते आभाळाकडे बघत म्हणाले. "एक-दोघां अजून येवची आसत."